घाटात न थांबलेली मॉरिस

"माझ्या नवऱ्याने कुणाचा जीव घेतलेला नाही," खुर्चीत बसायच्या आधीच प्रिती गावकर म्हणाली.

मनवा सबनीसने हातातला कप खाली ठेवला. वाहन अपघातांची पाहणी करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. आता दादरच्या गोखले रोडवरच्या या दोन खोल्यांतून ती खाजगी तपास करत असे. शेजारच्या टेबलावर तिचा शाळासोबती शंतनु बसायचा. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेला, टिपणं काढण्यात वाकबगार आणि निष्कर्ष काढण्यात घाईचा.

"बसा आधी. नीट सांगा," मनवा म्हणाली.

प्रितीने सांगितलं ते असं. तिचा नवरा वैभव लालबागला जुन्या गाड्यांचं काम करायचा. ठाकूरद्वारच्या मनमोहन त्रिलोकेकरांची १९५२ची मॉरिस मायनर त्याच्याच हाताखालची. मागच्या गुरुवारी त्याने तिच्या ब्रेकचं काम केलं. रविवारी मनमोहन ती घेऊन लोणावळ्याला गेले. परत येताना बोरघाटाच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. पुढच्या कंटेनरच्या पाठीत घुसली. बहात्तर वर्षांचे मनमोहन जागीच गेले.

"पोलिस म्हणतात, ब्रेकमध्ये चुकीचं तेल सापडलं. सदोष मनुष्यवधाचं कलम लावलंय. ताई, तो दिवाळीतसुद्धा दुसऱ्याची गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर सोडत नाही हो."

"चुकीचं तेल त्याच्याच गॅरेजमध्ये असणार ना," ती गेल्यावर शंतनु म्हणाला. "सरळ आहे."

"तसं असेल तर आपलं काम लवकर संपेल," मनवा म्हणाली.

*

महामार्गावरच्या पोलिस ठाण्याचे निरीक्षक घरत मनवाला जुन्या कामांतून ओळखत होते. त्यांनी जप्त केलेले भाग टेबलावर मांडले. ब्रेकच्या सिलिंडरमधलं काळं रबर मनवाने चिमटीत धरलं. ते मऊ पडलं होतं आणि मूळ मापापेक्षा चांगलंच फुगलं होतं.

"प्रयोगशाळेचा अहवाल?"

"खनिज तेल. पातळ, जवळजवळ पाण्यासारखं, रंग नाही. ब्रेक ऑईलमध्ये मिसळलेलं."

"ब्रेक ऑईल म्हणजे तेलच ना?" शंतनुने विचारलं.

"नाव ऑईल, पण ते तेल नव्हे. खरं तेल ब्रेकमध्ये गेलं की रबर फुगतं. लगेच नाही, काही तास जातात. मग पाय काढला तरी ब्रेक पुरते सुटत नाहीत. चाकं घासत राहतात, तापतात. शेवटी आतलं ब्रेक ऑईल उकळतं आणि पाय नुसता खाली जातो."

वैभवला त्यांनी कोठडीबाहेरच्या बाकावर गाठलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मॅडम, माझ्याकडे इंजिनचं काळं तेल आणि गिअरचं घट्ट तेल, एवढंच. काकांच्या गाडीत त्यांच्याच कपाटातली बाटली ओतली मी. त्यावर चिठ्ठी आहे, 'ब्रेकसाठी फक्त हेच. साधे तेल कधीही नाही.' त्या कपाटात सगळ्याला चिठ्ठ्या आहेत."

"ते ओतायचं कुठून?"

"ड्रायव्हरच्या पायाखाली. कार्पेट उचलायचं, झाकण काढायचं. नवीन माणूस बॉनेटखाली शोधत बसतो."

*

हर्षवर्धन आगासकर हिंदू कॉलनीत राहत. मनमोहन यांचे चाळीस वर्षांचे मित्र. रविवारी ते स्वतःच्या नव्या गाडीतून मॉरिसच्या मागोमाग होते.

"तुम्हाला ती मॉरिस हवी होती, असं ऐकलं," मनवा म्हणाली.

"चार वेळा मागितली. चारही वेळा नाही म्हणाला. म्हणून काय मी त्याला मारीन?"

"लोणावळ्यात जेवताना गाडीपाशी एकटे होतात?"

त्यांचा चेहरा पडला. "वीस मिनिटं. तो आत हात धुवायला गेला, मग कुणी ओळखीचं भेटलं. मी फोटो काढत होतो. बॉनेटला हातही लावला नाही, शपथेवर सांगतो."

शंतनुने वहीत ठळक रेघ मारली.

"जाताना गाडी कशी होती?"

"तेच तर! महामार्गावर शेजारून ट्रक शंभरने जात होते आणि हा पन्नासलाही पोचेना. पनवेलला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, 'आज जड चालतेय रे, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी.' पुढे तिचे मागचे लाल दिवे विझेचनात. मला वाटलं, घाबरून ब्रेकवर पाय ठेवून बसलाय."

"त्याआधी कधी बसला होतात तिच्यात?"

"शुक्रवारी. इथून चौपाटीपर्यंत. लोण्यासारखी चालत होती. शनिवारी दुपारी चारपासून आठपर्यंत तो इथे माझ्याकडेच, जुन्या गाडीवाल्यांच्या बैठकीला. टॅक्सीने आला होता." ते जरा थांबले. "रविवारी नात येणार होती त्याच्याबरोबर. आरोही. आयत्या वेळी ताप आला म्हणून वाचली पोर."

*

त्रिलोकेकरांचं घर तीन मजली, नीट रंगवलेलं. पूर्वी घोडागाडी ठेवायचे त्या तळमजल्यावरच्या जागेत मॉरिस असायची. कुलूप शाबूत होतं. एक किल्ली मनमोहन यांच्या जुडग्यात, दुसरी वर स्वयंपाकघरात खिळ्याला.

आत लाकडी कपाटात बाटल्या ओळीने होत्या. प्रत्येकीवर गोल, टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी, शेजारी त्याच अक्षरातली गाडीच्या देखभालीची वही. मनवाने चिठ्ठीचा फोटो काढला.

वर मनमोहन यांच्या पत्नी यशोदाबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ बांध्याच्या. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्यावर शाळेचा अर्धवट उसवलेला फ्रॉक. भिंतीवर एका तरुणाच्या तसबिरीला हार.

"माझा सिद्धांत," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली. पेणच्या रस्त्यावर, याच गाडीत. समोरून टेम्पो आला. दार उघडलं आणि हा बाहेर फेकला गेला. पट्टे बसवायला मी सांगत होते. हे म्हणाले, पट्टे लावले तर गाडी अस्सल राहत नाही."

"आणि गाडी परत दुरुस्त केली?"

"दीड वर्ष लागलं. सीटचं कापड त्याच रंगाचं मिळावं म्हणून कोइम्बतूरहून मागवलं."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं. शंतनुला खाली बघावं लागलं.

सिद्धांतची बायको ऋग्वेदा परळच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळायची. शनिवारी दुपारी दोनपासून रविवारी सकाळपर्यंत ती ड्युटीवर होती, आणि ते मनवाने रुग्णालयात फोन करून पडताळूनही पाहिलं.

बारा वर्षांची आरोही पाणी घेऊन आली.

"आता ताप नाही ना?" मनवाने विचारलं.

"तेव्हाही नव्हता. आजी म्हणाली, अंग गरम आहे. थर्मामीटर तिनेच बघितला. मी दुपारी खाली बॅडमिंटन खेळले." मग तिने फ्रॉककडे पाहिलं. "आजी, माझा फ्रॉक कधी होणार? मशीन किती करकरतंय."

"तेल संपलंय," यशोदाबाई म्हणाल्या.

"तूच तर मागच्या आठवड्यात नवीन बाटली आणलीस."

यशोदाबाईंनी तिला आत पाठवलं. निघताना मनवाने ऋग्वेदाचा नंबर मागितला. त्यांनी तो नावापत्त्यासकट कागदावर लिहून दिला. मनवाने तो कागद घडी न घालता पर्समध्ये ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, आरोही शाळेत असताना, मनवा पुन्हा त्या घरी आली. बरोबर शंतनु आणि साध्या कपड्यातले निरीक्षक घरत.

"यशोदाबाई, मी बोलते. चुकलं तर अडवा," मनवा म्हणाली. "सगळ्यांची नजर लोणावळ्याच्या वीस मिनिटांवर होती. माझ्या या मित्राचीसुद्धा. पण गाडी पनवेललाच जड झाली होती, दिवे विझत नव्हते. रबर तेव्हाच फुगलं होतं. म्हणजे तेल लोणावळ्याच्या बऱ्याच आधी पडलं. हर्षवर्धन यातून सुटले. शिवाय बॉनेटला हात लावला नाही अशी शपथ ते घेत होते. तेल कुठून ओततात हेच त्यांना ठाऊक नव्हतं."

"आणि वैभव?" घरतांनी विचारलं.

"काम गुरुवारी झालं. शुक्रवारी गाडी लोण्यासारखी चालली. त्याने चूक केली असती तर शुक्रवारीच ब्रेक धरले असते. त्याच्याकडची तेलं काळी आणि घट्ट, हे तेल पातळ आणि बिनरंगी. तेव्हा उरला शुक्रवार ते रविवार पहाट एवढाच वेळ, आणि त्यात गाडी कुलपात. शनिवारी संध्याकाळी मनमोहन दादरला, ऋग्वेदा परळला. घरात किल्ली आणि तुम्ही."

यशोदाबाईंनी चष्मा काढून यंत्रावर ठेवला.

"पण यांना गाडीतलं काय कळतं?" शंतनु न राहवून म्हणाला.

मनवाने कालचा कागद आणि बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो शेजारी ठेवला. तेच गोल, टपोरं अक्षर.

"साधे तेल कधीही नाही, हे यांनीच लिहिलंय. त्या गाडीची वही इतकी वर्षं कोण ठेवत होतं? आणि शिवणयंत्राच्या तेलाची नवी बाटली आठवड्याभरात संपली, यंत्र मात्र कोरडंच."



"गाडी बंद पडावी एवढंच माझ्या मनात होतं," यशोदाबाई म्हणाल्या. "ब्रेक धरले की ती गल्लीतच अडकेल. पोरीला घेऊन ते जाणार नाहीत."

"मग आरोहीला ताप कशाला आणलात?" मनवाचा आवाज खाली आला. "गाडी गल्लीतच अडकणार होती, तर तिला घरी ठेवायची गरज काय होती?"

 यशोदाबाई तसबिरीकडे पाहत म्हणाल्या, "पहाटे त्यांनी मला गाडीच्या खिडकीतून हात केला. ओरडून सांगता आलं असतं. मीही हात केला."

"आणि वैभव? तो सहा दिवस कोठडीत आहे. त्याची बायको रोज तुमच्या दारावरून कामाला जाते."

"रोज सकाळी ठरवत होते, आज सांगायचं. मग आरोही उठायची."

घरत उठले. यशोदाबाईंनी गॅस बंद आहे का ते पाहिलं, चष्मा घेतला आणि त्यांच्यापुढे जिना उतरू लागल्या. शंतनु त्यांच्यासाठी बाजूला सरला. 

*

निरोप मिळताच ऋग्वेदा परळहून आली. पांढरा कोट काढायचीही शुद्ध नव्हती. मनवाने तिला सगळं सांगितलं, काही न गाळता.

ती शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसली. रडली नाही.

"बाबांनी गाडी परत घरी आणली त्या दिवशी पेढे वाटले होते," ती म्हणाली. "दोन वर्षं रोज ड्युटीवर निघताना मी त्या दारासमोरून जात होते. रोज मनात यायचं, आत जाऊन काहीतरी करावं." तिने मनवाकडे सरळ पाहिलं. "मी कधी केलं नाही, एवढाच फरक. हे तुमच्या अहवालात लिहायचं असेल तर लिहा."

"लिहिण्यासारखं काही नाही त्यात," मनवा म्हणाली.

साडेचार वाजत आले होते. ऋग्वेदाने तोंडावर पाणी मारलं, कोट काढून दाराच्या हुकाला लावला आणि मुलीला शाळेतून आणायला निघाली.