बॉनेटवरचं स्वस्तिक

स्कूटी बंद पडावी ती ऐन खंडेनवमीला, भोकरदन नाक्यावर, आणि तीही गॅरेजच्या दारात! मला वाटलं, नशीब जोरावर आहे. पण गॅरेजवाल्याने हातच जोडले. पाने, पकडी, सगळं पाटावर हळदीकुंकू लावून मांडलेलं.

"आज हत्यारांची पूजा झाली, ताई. उद्यापर्यंत पान्याला हात लावत न्हाई."

"मंग मी काय करू? घरी, मस्तगडपर्यंत ढकलत नेऊ?"

"मी ढकलतो की. हातांची पूजा न्हाई केली मी."

हसू आलं होतं... पण दाखवते कशाला? "आणि ते ताई-बिई बंद करा," एवढं मात्र बजावलं.

त्याचं नाव गोरक्षनाथ. आमच्या अंगणात स्कूटी लावली आणि बडबड्या माणूस एकदम कोपऱ्याकडे वळला. ताडपत्रीखालून तारांचं एक चाक दिसत होतं.

"ही... दोन सीटांची?"

हो. माझ्या बाबांनी लग्नाआधी हैदराबादहून आणलेली लाल स्पोर्ट्स कार. माझी आई लग्न होऊन तिच्यातूनच या घरात आली. अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि दिवाळीच्या आत ती गेली. गाडी तेव्हापासून उभी. त्यात बाबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. नजर आहे तोवर त्यांना ही गाडी चालताना दिसावी, एवढंच मला हवं होतं.

"करतो," गोरक्ष म्हणाला. "जल्दी न्हाई होणार. पण करतो."

मग दर रविवारी तो येऊ लागला. मी चहा नेऊन द्यायची, तो कप संपला तरी हातात धरून ठेवायचा. "इंजिन कुठवर आलं?" मी विचारायची. "तुम्ही समोर उभ्या राहिल्या की मागंच जातं," म्हणायचा, आणि मान खाली घालायचा. आगाऊ!

पौषात काम अडलं. बॉनेटला गंज चढलेला, घासून रंगवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि बाबांचा एकच हेका – स्वस्तिकाला हात लावायचा नाही. माझं डोकंच फिरलं.

"पुसून टाक रे ते! बाबांना कुठं नीट दिसतंय? कळणारसुद्धा नाही."

गोरक्षने पॉलिश पेपर खाली ठेवला.

"त्यांना न्हाई दिसणार... पण मला दिसून राह्यलं ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आईची खूण मीच पुसायला निघाले होते, आणि परका माणूस ती जपत होता. परका कसला... माझा जीव जडला होता त्याच्यावर. त्या दिवशी नीट कळलं.

त्याने गंज आतून, खालच्या बाजूने काढला. सगळी गाडी लाल केली. स्वस्तिकाभोवतीचा वीतभर जुना रंग तसाच ठेवला आणि वरून पारदर्शक लॅकर दिलं.

गुढीपाडव्याच्या सकाळी इंजिन घुमलं. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि त्यांचं बोट स्वस्तिकाच्या रेघेरेघेवरून फिरलं. एकदाही चुकलं नाही. "तशीच्या तशी दिसतेय गं गाडी," म्हणाले. मी रडायला लागले. देवा, वेळेत झालं!

मोती तलावापर्यंत मी बाबांना फिरवून आणलं. परत आल्यावर ते उतरले आणि म्हणाले, "गोरक्ष, आता तू बस."

"काका, ती काकूंची जागा... आणि माझा बाप तर मेंढरं घेऊन हिंडणारा माणूस."

"मग? बस म्हणतो ना!"

तो बसला. गाडी गल्लीतून निघाली. आरशात बाबा हात हलवत होते... समोरच्या भिंतीकडे तोंड करून. रस्ता त्यांच्या उजव्या हाताला होता, आम्हीही.

मी करकचून ब्रेक दाबला.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून." गोरक्ष म्हणाला. "तुम्हाला सांगू नको म्हणले. पोरीचा हिरमोड होईल, म्हणले. मंग मी स्वस्तिकाच्या रेघांवर लॅकरचा ब्रश तीनदा फिरवला. बोटाला लागाव्या म्हणून."

ग्रीस न सुटलेला त्याचा हात मी घट्ट धरला.

"यापुढं माझ्यापासून काही लपवायचं नाही."

"यापुढं... म्हणजे किती दिवस?"

"जन्मभर," मी म्हणाले. "आता बाबांकडं परत चल. भिंतीकडं बघत उभे आहेत ते."