ताईचा ट्रे

चीनमधल्या शेन्झेनच्या शाजिंगमध्ये ई-सिगारेटी बनतात, आणि युश्यांग व तिची थोरली बहीण गुइलान सात वर्षं शेजारीशेजारी बसून त्या ओढून तपासत आल्या होत्या. मशीनही होतं, पण मेल्या मशीनला करपलेला वास कुठे कळतो? म्हणून बायका. सिगारेटच्या नळीला रबरी टोपण लावायचं, दोन झुरके आखूड, एक लांब. हवा ओढली की आतला सेन्सर जागा होतो, चिप तारेला करंटचे बारीक ठोके देते, तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते आणि टोकाचा दिवा लागतो. ओढणारं कुणी नसेल तर काहीच होत नाही.

गुइलान महिनाभर इस्पितळात पडून होती. आज सकाळी डॉक्टर तिच्या श्वासाची नळी काढणार होते. तिचा तिला श्वास जमला तर जगेल, एवढं स्पष्ट सांगितलं होतं. युश्यांगने सुपरवायझरशी भांडून फोन जवळ ठेवला होता. हात कामात होते, जीव तिकडे.

साडेदहाला ताईच्या रिकाम्या स्टुलासमोरच्या ट्रेमधली पहिली नळी पेटली. दोनदा जराशी, मग लांब. मग तिच्या शेजारची.

"एसीचा झोत लागतोय," मेकॅनिक लाओ फांग म्हणाला. "हल्लीचे सेन्सर माझ्या बायकोसारखे. फुंकर मारली तरी पेटतात."

त्याने एसी बंद केला. खोली तापली. दिवे ओळीने लागतच राहिले, एकही नळी न चुकता. फांगने एक उचलून टोपणावरून बोट फिरवलं.

"ओलं आहे गं," तो हळूच म्हणाला. नळी जागेवर ठेवून तो दुसरा सेन्सर आणायला गेला, तो परत आलाच नाही.

फोन वाजला. गुइलानचा नवरा होता.

"काढली नळी! स्वतः घेतेय श्वास. दोन आखूड, एक लांब. डॉक्टरांनी असं कधी पाहिलं नाही म्हणे."

"दाजी, फोन ठेवू नका," युश्यांग म्हणाली. आनंदाने तिला रडू फुटणार होतं, तेवढ्यात तिची नजर ट्रेकडे गेली. न पेटलेल्या सहा नळ्या उरल्या होत्या.

"चाईबाई, अजून एक ट्रे द्या."

"कुठून देऊ? ऑर्डर संपली," सुपरवायझर चाई म्हणाली. "बाकीचं सगळं सीलबंद झालं. काम संपलं म्हणून रडणारी तूच पहिली."

तीन उरल्या. मग एक.

युश्यांगने ती उचलली आणि बुडाचं हवेचं भोक अंगठ्याने गच्च दाबलं. ही पेटू द्यायची नाही, एवढंच तिला सुचलं.

अंगठा आत ओढला गेला.

"अगं, ही तोंड वासतेय," दाजी ओरडले. "हवाच जात नाहीये आत!"

तिने अंगठा काढला.

दिवा लागला. लांब, खूप लांब.

"घेतला," दाजी हुंदका देत म्हणाले. "घेतला आत."

दिवा विझला.

"आणि बाहेर, दाजी? सोडला का बाहेर?"

ट्रेमधल्या सगळ्या नळ्यांच्या तोंडातून एकदमच पांढरी वाफ निघाली, सावकाश, बराच वेळ, आणि मग थांबली.