टबाच्या कडेची रेघ

हे घर आम्ही टबासाठी घेतलं. नवरा क्रेन चालवतो. गेल्या हिवाळ्यात तो शिडीवरून घसरला आणि कंबर धरून बसला. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी गरम पाण्यात पाय पसरून बसायचं. कंबर सुधारली नाही तर ऑपरेशन, आणि मग क्रेनवर चढायचं नाव काढायचं नाही. क्रेन सोडून त्याला दुसरं काही येत नाही आणि दिवसभर घरात बसलेला नवरा मला झेपत नाही. तेव्हा टब हवाच होता.

टब जुना, पण चांगला लांबरुंद होता. आतून चहूबाजूंनी बोटभर रुंदीची पिवळट तपकिरी रेघ होती. मला नवल वाटलं नाही. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जड पाण्यातले क्षार आणि साबणाचा मळ एकत्र आले की असा राप चढतोच. व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी लावून ठेवली, मग सोडा टाकून घासलं. खांदे भरून आले, पण टब लख्ख झाला.

"एवढ्या प्रेमाने मला कधी घासलं नाहीस," नवरा दारातून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याची आंघोळ झाली आणि रेघ परत आली. तशीच, त्याच जागी.

असा थर एका दिवसात बसत नाही, महिने लागतात. मी पुन्हा घासली, ती पुन्हा आली. मग एक गोष्ट खटकली. रेघ बसते ती पाण्याच्या पातळीला, आणि ही रेघ फारच वर होती. नवरा बसल्यावर पाणी तिथवर जायला नको होतं.

"पाणी वाढवून घेतोस का रे मागाहून?"

"मी? मला नळापर्यंत वाकता तरी येतं का?"

खरं होतं. त्या संध्याकाळी मी पाणी भरलं, त्याला धरून आत बसवलं आणि तिथेच स्टुलावर थांबले. पाणी चढलं आणि थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही. सावकाश वर सरकत रेघेच्या जागी पोचलं. नवरा टबाच्या एका टोकाला पाठ वाकवून, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. नळाकडची निम्मी जागा मोकळी होती.

"अरे, पाय पसर की."

"पसरलेत."

"कुठे पसरलेत?"

"अगं, हे काय! अंथरूण पाहून पसरावेत म्हणतात, पण इथे तर ऐसपैस जागा आहे." डोळे मिटून तो सुखाने हसला. त्याची हनुवटी गुडघ्यांवर टेकली होती.

त्याला थट्टेची सवय आहे, म्हणून मीही हसले. पण स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

व्यायाम करून घ्यायला बाई येत. पुढच्या वेळी त्यांनी त्याच्या कण्यावरून हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही रोज कुठे अंग चोरून बसता का? पाठ आधीपेक्षा वाकली आहे. असंच चाललं तर ऑपरेशन टळत नाही."

त्या गेल्यावर मी सांगून टाकलं, टब बंद. तो भडकलाच. "दिवसभरात तेवढाच वेळ दुखत नाही मला. तोही काढून घेतेस?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तू एकदा बसून बघ. मग बोल."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याची कंबर डोळ्यांदेखत वाकत चालली होती आणि माझा शब्द त्याला पटत नव्हता. मी बसून दाखवलं आणि पाणी खालीच राहिलं, तर माझी भीती खोटी. वर गेलं, तर त्याला ते दिसेल.

सुट्टीची दुपार होती. खिडकीतून फरशीवर ऊन आलं होतं. मी टब घासला, नेहमीएवढं कढत पाणी भरलं आणि आत उतरले. मी त्याच्याहून किरकोळ.

पाय लांब केले. टाचा पार नळाखालच्या भिंतीला लागल्या. इतकं बरं वाटलं की डोळे मिटले.

उघडले तेव्हा पाणी चढत होतं. मी हलत नव्हते.

रोज घासते त्या जागी येऊन ते थांबलं.

नवरा काठी टेकत दारात आला. काहीतरी चावट बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"पाय पसर ना गं," तो म्हणाला.

"पसरलेत की."

त्याने दाराची चौकट धरली.

"मग हनुवटी कशावर टेकवली आहेस?"

पाणी अजून कढत होतं. हनुवटीखालचे गुडघे मात्र गार होते.