चिमटीतला शिवदारा

गळ्यातलं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढायला चंद्रव्वा तयार नव्हत्या.

"थेटरात धातू चालत नाही, मावशी. आम्ही विजेने रक्त थांबवतो. कातडी भाजेल," डॉ. सिद्धेश्वरी म्हणाली.

"भाजू द्या की. पोट तर फाडनारच हाय तुमी."

"फाडणार नाही. बारीक भोकं पाडणार. हात आत घालतच नाही आम्ही."

"हात न घालता काय काढता, बाई? विहिरीतलं पाणी हाय व्हय?"

शेजारी बसलेले रुद्रप्पा हसले. वळसंगचं हे जोडपं पहिल्यांदाच सोलापूरच्या दवाखान्यात राहत होतं. भवानी पेठेतल्या यंत्रमागांचा खटखटाट खिडकीतून सारखा आत येत होता आणि चंद्रव्वांना त्याने झोप लागत नव्हती, एवढीच त्यांची तक्रार होती.

सिद्धेश्वरीही त्यांच्यासारखीच लिंगायत. तिचं स्वतःचं लिंग ऑपरेशनच्या दिवशी कपड्यांच्या कपाटात राहायचं. त्यामुळे अडचण धातूची नाही, अंगावेगळं करण्याची आहे, हे तिला समजत होतं. तिनेच मार्ग काढला. चंद्रव्वा बाहेर येईपर्यंत लिंग रुद्रप्पांनी धरायचं, खाली ठेवायचं नाही.

चंद्रव्वांनी लिंगाचा दोरा, शिवदारा, डोक्यावरून काढला. चांदीच्या डबीसकट तो नवऱ्याच्या हातात देताना त्या कानडीत म्हणाल्या, "बिडब्याड्रि." सोडू नका.

रुद्रप्पांनी पांढरा दोरा उजव्या हाताच्या चिमटीत धरला. त्यांच्या तर्जनीचं पहिलं पेर कडबा कापण्याच्या यंत्रात गेलं होतं. बोटाचं थोटूक गुळगुळीत होतं, बिननखाचं.

चंद्रव्वांची गाठ स्वादुपिंडात होती आणि आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला टेकली होती. अशा वेळी सिद्धेश्वरीची पद्धत ठरलेली असे. गाठीला आधी हात लावायचा नाही. आधी धमनी गाठायची, तिच्यावरचं आवरण सोलत जायचं, फांद्या एकेक करून क्लिपने बंद करायच्या आणि मगच कापायच्या. पोटात गॅस भरलेला. आतला कॅमेरा ओवी धरायची. ती शिकाऊ डॉक्टर होती, पण तिचा हात हलत नसे. पडद्यावर धमनी मनगटाएवढी जाड दिसत होती आणि ठोक्यागणिक उसळत होती.

गाठ जवळजवळ सुटली होती. एक शेवटची बारीक फांदी उरली होती. सिद्धेश्वरीने क्लिप मागितली. क्लिप पोहोचण्याआधीच फांदी मुळातून तुटली.

पडदा लाल झाला.

"प्रेशर पडतंय," भूल देणारा अनिमेष म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "सिद्धा, पडतंय."

"रक्त लावा. पोट उघडायची तयारी करा."

तिने रक्त ओढणारी सक्शनची नळी आत घातली, दुसऱ्या हाताने गॉजचा बोळा दाबायला घेतला. पोट उघडेपर्यंत चंद्रव्वा टिकतील की नाही, याचा हिशेब तिने केला. उत्तर चांगलं नव्हतं.

तेवढ्यात लाली निवळली.

गॉज अजून धमनीपर्यंत पोहोचला नव्हता. रक्त थांबलं होतं. धमनीला पडलेल्या भोकाच्या दोन्ही कडा एकमेकींवर मिटल्या होत्या, कारण दोन्ही बाजूंनी धमनी दबली होती. दोन खळगे. पलीकडचा प्रवाह चालू होता.

"जवळ जा," सिद्धेश्वरी म्हणाली.

ओवीने कॅमेरा जवळ नेला. एक खळगा रुंद होता आणि त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी रेघ होती. नख रुतल्यावर उमटते तशी. दुसरा लहान, गोल, गुळगुळीत.

"मॅडम, काय दाबतंय हे?"

"कॅमेरा हलवू नकोस."

तिने सुई घेतली. पहिल्या टाक्याला सुईच्या टोकाला काहीतरी अडलं. मग बाजूला सरून कुणी जागा करून द्यावी, तसं ते सरलं.

टाके पडले. गाठ पिशवीत घालून बाहेर आली. खळगे तसेच होते. टाके नीट बसले की नाही, हे सिद्धेश्वरीला कळलं नाही. रक्त टाक्यांच्या आधीच थांबलेलं होतं.

बाहेर बाकावर रुद्रप्पा मूठ छातीशी धरून बसले होते.

"मधी एकदा निसटत हुतं, डॉक्टरबाई. लई दाबून धरलं."

"बरं केलंत," ती म्हणाली. घरी जाऊन तिने भाकरी खाल्ली, भांडी घासली आणि झोपली. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

महिन्याभराने दोघं तपासणीला आले. चंद्रव्वा पायऱ्या चढून आल्या होत्या. गाठीचा रिपोर्ट चांगला होता.

"मला काय धाड भरलीया," त्या म्हणाल्या. "ह्यांचंच बघा. मीच भरवतीया, ल्हान लेकरावानी. रातच्याला मूठ फडक्यानं बांधून देते."

रुद्रप्पांची उजवी मूठ मिटलेली होती. चिमटीतून शिवदाऱ्याचं मळलेलं टोक बाहेर आलं होतं.

"तुम्ही परत घातलं नाहीत, मावशी?"

"मी शुद्धीवर आले न्हवं, तवाच म्हनले, ऱ्हाऊ द्या. आत कुनीतरी धरलंय असं वाटतंय. बरं वाटतंय."

"पर हात लई भरून येतो, बाई," रुद्रप्पा म्हणाले. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. "सोडू का आता?"

सिद्धेश्वरीने नवा स्कॅन पडद्यावर लावला. औषधाने उजळलेली धमनी वरून खाली सरळ येत होती. एका ठिकाणी ती दोन्ही बाजूंनी दबलेली होती. एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी. तिने चित्र मोठं केलं. टाके दिसायची सोय स्कॅनमध्ये नसते.

धमनी टाक्यांनी बंद आहे की चिमटीने, हे तिला ठरवता येईना.

"सोडू का?" रुद्रप्पांनी पुन्हा विचारलं.

"बिडब्याड्रि," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं.