चालत आलेली माणसं

दवाखान्यातल्या ताईंना त्या दिवशी काम होतं ते एवढंच: जायचं, एखाद्या माणसाचं थोडं रक्त काढायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. असली कामं त्यांनी जन्मभर केली होती. फरक एवढाच, की हा माणूस शेकडो वर्षांपूर्वीचा असणार होता.

साथ जुनीच. गेली म्हणून सगळे निर्धास्त झाले, आणि ती परत आली. ज्याला ती होऊन गेली आणि तरी जो वाचला, अशाच्या रक्तातून औषध निघेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पण या खेपेला वाचत कुणीच नव्हतं. म्हणून मग दवाखान्याच्या मागच्या आवारातली ती गाडी काढली, काळात मागे जाणारी. चालवायला ताईंचा मेहुणा आला. त्याची बायको, म्हणजे ताईंची धाकटी बहीण, वरच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती.

"घाबरला नाहीत ना, मेहुणे?"

"तुमच्या बहिणीशी संसार केलाय, ताई. आता कशाला घाबरतोय?"

चढताना त्याने हात दिला. हात चांगलाच तापलेला होता. ऊन असेल, असं ताईंनी स्वतःला समजावलं.

उतरले तेव्हा भर दुपार होती. पहिलं गाव मेलेलं होतं. दुसरंही. दारं सताड उघडी, आत माश्यांची घोंघों, आणि वाऱ्यासोबत तो गोडसर, घशाला चिकटणारा वास. तिसऱ्या गावावर मात्र धूर दिसला. प्रत्येक घरावर.

"सुटलो," मेहुणा म्हणाला आणि गाडीला टेकून उभा राहिला. "तुम्ही व्हा पुढे. मी जरा... बसतो."

गावात शिरताच ताईंची पावलं मंदावली. दारादारांत माणसं बसली होती. कुणी दोर वळत होतं, कुणी दळत होतं. दळणाऱ्या बाईच्या जात्यात मात्र दाणा नव्हता. चुली पेटलेल्या, वर भांडं नाही. एवढा धूर, पण नाकाला काहीच येत नव्हतं. ताई जवळून गेल्या की माणसं मान वर करत, सगळी एकदम, आणि पुन्हा खाली घालत.

टोकाच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. खराखुरा, कफाचा खोकला. ताईंना तो ऐकून हायसं वाटलं.

आत एक म्हातारा टोपली विणत बसला होता. तोंडावर साथीचे वण, डोळे पांढरे. शेजारी त्याची बायको, मांडीवर हात ठेवून.

"नवीन पाऊल आहे हे," म्हातारा म्हणाला. "आणि धाप लागलेली. म्हणजे तुम्ही जिवंत आहात."

ताईंनी काम सांगितलं. त्याने निमूट हात पुढे केला. सुई टोचताना ताईंनी हळूच विचारलं, "बाबा, हे गाव..."

"गाव गेलं हो. मी तापात पडलो, उठलो तर डोळे नाहीत. हाका मारायचो, कुणी ओ देईना. चार दिशांना ओरडलो. मग एका सकाळी बायकोने ओ दिली." तो हसला. "तिला मी माझ्या हातांनी पुरली होती."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. बायको तशीच बसून होती. तिच्या पापण्या हलत नव्हत्या.

"आभाळातून पडलेत बिचारे, हे सगळे," म्हातारा म्हणाला. "माळावर त्यांचं वाहन का काय ते जळून गेलं. परतीची वाट नाही. माझी हाक ऐकली आणि आले. मेलेल्यांची तोंडं घेतात ते. जित्याचं घेता येत नाही म्हणे त्यांना. मला कळतं सगळं. पण सोडून कुठे जाऊ? त्यांचं तरी कोण आहे?"

तेवढ्यात बायको बोलली. आवाज बाईचा होता, पण खोल विहिरीतून वर यावा तसा. "तुमचा माणूस... पडलाय."

ताई धावत सुटल्या. गाडीजवळ मेहुणा आडवा झाला होता. काखेत गाठी आलेल्या. म्हणजे निघतानाच त्याला माहीत होतं.

"तिला सांगू नका," तो पुटपुटला. "तिला वाटेल... तिच्यामुळे..." पुढचे शब्द आलेच नाहीत.

ताईंनी त्याचे डोळे मिटले. मान वर केली तर अख्खं गाव वेशीपाशी येऊन उभं होतं, गुपचूप. म्हाताऱ्याची बायको पुढे आली.

"त्याची वाट कोण बघतंय?"

"माझी बहीण."

"आम्ही... जाऊ तिच्याकडे?"

नाही, म्हणायला हवं होतं. रक्ताची कुपी ताईंच्या मुठीत होती, डोळ्यांसमोर धाकटीचा सुकलेला चेहरा. नवरा गेला असं तिला सांगितलं, तर औषध काय करणार? ताईंनी मेहुण्याला तिथेच ठेवलं. गाडीत बसल्या आणि कळ दाबली.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या आवारात होत्या. दिवे लागत होते. औषध तयार करणाऱ्यांच्या हाती कुपी देऊन त्या जिना चढल्या. काय सांगायचं ते पायरीपायरीवर ठरवत होत्या आणि मोडत होत्या.

वॉर्डात धाकटी उशीला टेकून बसली होती. दोन दिवसांत ती उठून बसली नव्हती. खाटेशी मेहुणा होता, तिचा हात हातात घेऊन.

"ताई, हे बघ ना, किती दमून आलेत!" धाकटी म्हणाली. "एवढं काय गं चालायला लावलंस?"

त्याच्या पायांच्या टाचा झिजून पार सपाट झाल्या होत्या. त्याने ताईंकडे पाहिलं. पापणी हलली नाही.

"तुम्ही क्षणात आलात," तो अगदी हळू म्हणाला. "आम्हाला सगळी वर्षं चालावी लागली. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सांभाळलं. मग निघालो."

"बाकीचे...?" ताईंनी विचारलं.

"आलेत. खाली आहेत."

ताई खिडकीशी गेल्या. आवारात, दिव्यांच्या उजेडात, ते गाव उभं होतं. दोर वळणारा. जात्यावरची बाई. म्हाताऱ्याची बायको, आणि तिच्याशेजारी म्हाताराही. सगळ्यांनी एकदम मान वर केली.

त्यांच्यात एक परिचारिका होती. अंगावर ताईंच्याच अंगावरचा गणवेश, बाहीवर रक्ताचा ताजा डाग. तिने मान वर केली तेव्हा ताईंनी आपलाच चेहरा पाहिला. आजचाच. एका दिवसानेही म्हातारा झालेला नव्हता. आणि जित्याचं तोंड तर त्यांना घेता येत नव्हतं.

"ताई," मागून धाकटी म्हणाली, "खिडकी लाव ना. तुझ्या अंगावर काटा आलाय."