तापभिंत

उंबरदरीत अकरा वर्षांत कुणाला घामोळं आलं नव्हतं. दरीबाहेर दुपारी अंगणात पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. इथे मात्र भर फाल्गुनात बाया उघड्यावर बसून नाचणी पाखडत होत्या. ही सगळी करामत छत्राची. छत्र म्हणजे दरीच्या दोन्ही कड्यांना दोरांनी ताणून बांधलेला, ऊन अडवणारा विरळ पडदा.

त्या दोरांच्या यंत्राची किल्ली चांगुणा भांगरेकडे असे. उन्हामुळे गाव शहरातल्या छावणीत हलवलं होतं, तेव्हा छत्रासाठी तिनंच अधिकाऱ्यांना भंडावून सोडलं होतं. त्याच छावणीत तिचा थोरला मुलगा उन्हानं गेला होता. आता लेक मैना सातव्या महिन्यात होती. हे बाळंतपण सावलीत होणार, एवढ्या एका गोष्टीवर चांगुणा जगत होती.

डोंगरावर तीन महिने कारवीच्या झुडपांची मोजणी करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. ऋजुता रिसबूड त्या दिवशी तडक तिच्या ओट्यावर आल्या. चहाला नको म्हणाल्या आणि डबी उघडून त्यांनी चार तपकिरी किडे दाखवले.

"मावशी, हा ओळखता?"

"न वळखाया काय झालं? घराघरांत हाये. पोरं दोरा बांधून उडवत्यात."

"इथे, खाली दरीत? नक्की?"

"माज्या उशाला फिरतोय. आता साक्षीदार आणू का?"

डॉक्टरबाई डबी मिटून तिच्यासमोर बसल्या. त्यांचा चेहरा पाहून चांगुणाची थट्टा जागीच विरली.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "लाखो वर्षांपासून पृथ्वी कधी गार, कधी उबदार होत आली. गार काळात डोंगरावरचे जीव दरीत उतरत, एकमेकांत मिसळत. उबदार काळ आला की गारव्यामागे वर चढत आणि मधली दरी तापून बंद होई. आपल्याकडच्या डोंगरमाथ्यावरच्या जिवांना बारमाही सारख्या हवेची सवय. जरा जास्त ताप सोसत नाही. त्यांच्यासाठी तापलेली दरी म्हणजे भिंतच. आम्ही तिला तापभिंत म्हणतो. या भिंतीआड प्रत्येक शिखरावरची कारवी वेगळी झाली, तिचं फुलण्याचं वर्षही वेगळं झालं."

"ते ठावं हाये. काळकडा फुलला तवा समोरचा निशाणी डोंगर फुलत न्हाई."

"कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. हा किडा तेवढंच बी खातो. एका शिखरावर अडकला की मधली वर्षं उपासमारीत जवळजवळ संपायचा. उरलेले मूठभर किडे खाऊन खाऊन किती बी खाणार? आता तो छत्राखालच्या गारव्यातून या शिखरावरून त्या शिखरावर जातो. दरवर्षी कुठे ना कुठे जेवण तयार. तीन वर्षांत तीन शिखरं फुलली, मावशी. मी गुडघ्यांवर रांगून शोधलं. एक नवं रोप नाही. एकसुद्धा!"

चांगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. कडे कारवीच्या मुळ्यांनी धरून ठेवलेत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"म्हंजे कडा..."

"दोन-तीन पावसाळे. मग खाली येईल. तुमच्या घरांवर."

"मग औषद मारा की!"

"त्यानं मधमाश्या मरतील. त्यांच्यावाचून बीच धरणार नाही. दरी पुन्हा तापू द्यायला हवी. छत्र काढून."

"किती दिस?"

"कायमचं."

"किडं भुकेनं मरावं म्हून आमी भाजायचं व्हय?" चांगुणा ओरडली.

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले होते.

"दोन म्हैनं द्या," चांगुणाचा आवाज एकदम खाली आला. "मैनीचं बाळातपण हुंद्या."

"काळकड्यावर बोंडं वाळलीत, मावशी. दोन महिन्यांत किडे तिथे पोचतील. तेही बी गेलं तर गावावरचा सगळ्यात मोठा उतार उघडा पडेल. मी गावाची बैठक बोलावते."

बैठकीत गाव नाहीच म्हणेल, हे चांगुणाला कळत होतं. अकरा वर्षांत उभी केलेली घरं कोण सोडणार? तीसुद्धा नाहीच म्हणाली असती. म्हणून बैठकीची वाट न बघता ती उठली, यंत्राच्या खोलीत गेली आणि तिनं किल्ली फिरवली. दोर सैल पडत गेले. दरीवर पांढरंफटक ऊन कोसळलं. नाचणी पाखडणाऱ्या बाया किंचाळत घरांत पळाल्या.

ती बाहेर आली तेव्हा मैना पोट सावरत, धापा टाकत चढणीवरून येत होती.

"आई! छत्र फाटलं गं! बघतीस काय, किल्ली काढ बिगीनं!"

"फाटलं न्हाई," चांगुणा म्हणाली. "म्या सोडलं."