एकशे एक नंबरच्या रस्त्यावरची हाक

दोन हजार सहाचा ऑक्टोबर असेल. रुचा अमेरिकेत, रेडमंडला, एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिची आई, शुभाताई, पहिल्यांदाच पुण्याहून तिच्याकडे आली होती. "काय काय बघायचंय तुला?" असं रुचाने विचारलं, तेव्हा आईने एकच सांगितलं, "समुद्र. हा इकडचा."

का, ते रुचाला ठाऊक होतं. तिचे बाबा, दिगंबर, मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. सत्तावीस वर्षांपूर्वी ते जहाज याच महासागरात नाहीसं झालं. रुचा तेव्हा पोटात होती. ना जहाज सापडलं, ना माणूस. आईने मंगळसूत्र काढलं नाही, की क्रियाकर्म करू दिलं नाही.

तर दोघी निघाल्या. ऑरेगनच्या किनाऱ्याने जाणारा तो एकशे एक नंबरचा रस्ता. एका हाताला काळीभोर उंच झाडं, दुसऱ्या हाताला खाली खोल समुद्र. मधूनच एखादं दीपगृह, एखादं पेंगुळलेलं गाव. आई काचेला कपाळ टेकवून बघत होती.

दुपारी तीनच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी पाणी गेलं, मग कडे, मग समोरचा रस्ताही विरघळल्यासारखा झाला.

"इथे जरा थांबव गं," आई म्हणाली.

"आई, व्हिजिबिलिटी झीरो आहे. दिसणार काय?"

"ऐकू तर येईल."

पायऱ्या उतरून दोघी वाळूवर आल्या. ओहोटी लागली होती. शेवाळाचा खारट, कुजकट वास हवेत दाटला होता. वाहून आलेल्या एका ओंडक्यावर आई टेकली. रुचा खडकांतल्या डबक्यांमधले तारामासे बघत बघत पुढे गेली. दहा पावलं, वीस पावलं. मागे वळून पाहिलं तर ओंडका नाही, आई नाही. सगळं दुधासारखं पांढरं. लाटांचा आवाजसुद्धा लांब कुठेतरी गेलेला.

"रुचा..."

पुरुषाचा आवाज. कधीच न ऐकलेला, तरी ओळखीचा.

"रुचा... ये गं... इकडे ये..."

तिला भीती वाटली नाही. दुपारच्या झोपेत कुणी अंगावर पांघरूण घालावं, तसं वाटलं. ती चालू लागली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, ते गार आहे हेही तिला जाणवलं नाही. आवाज काहीबाही विचारत होता, हळू, लाडाने...

दंडाला हिसका बसला. आई होती. कमरेपर्यंत पाण्यात, साडी भिजून चिकटलेली.

"मागे हो!"

"आई, बाबा... बाबा बोलावतायत..."

"मागे हो म्हणते ना!"

लाट आली आणि दोघींना वाळूवर आपटून गेली. रांगत, धडपडत त्या कशाबशा पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या.

गाडीत हीटर पूर्ण सोडला, तरी रुचाचे दात वाजत होते. आई बोलली.

"मीही ऐकला. आवाज त्यांचाच होता... पण ते नव्हते."

"कशावरून?"

"जाताना सांगून गेले होते, मुलगी झाली तर इला नाव ठेवायचं. पुढे ते नाव माझ्या तोंडून निघेना, म्हणून मी रुचा ठेवलं." आईने ओला पदर घट्ट पिळला. "ते असते, तर इला म्हणून हाक मारली असती. रुचा हे नाव त्यांना माहीतच नव्हतं गं..."

रुचाने दोन्ही हात हीटरसमोर धरले.

"पुण्याला गेले की त्यांचं सगळं रीतसर करून घेते. फार वर्षं जागा अडवून ठेवली मी त्यांची. त्या जागेवर भलतंच कुणी येऊन बसलं." मग एकदम वळून तिने विचारलं, "तू ओ नाही ना दिलीस?"

"नाही," रुचा म्हणाली.

डिसेंबरात आईने विधी करून घेतले. आता शांत झोप लागते, असं ती फोनवर सांगायची. रुचाने ते ऐकून घेतलं. पण स्वप्न दुपारी तुकड्यातुकड्याने आठवावं, तसं तिला त्या धुक्यातलं बोलणं हळूहळू आठवत होतं. तिने ओ दिली होती. मग त्याने मायेने विचारलं होतं, "कुठे राहतेस गं आता?"

आणि तिने सांगितलं होतं. गाव, रस्ता, दुसरा मजला. दाराचा नंबरसुद्धा.